तेच म्हणायलोय ना मी!

आप्पांना वादात हरवणं आमच्या कॉलनीत अजून कुणाला जमलेलं नाही. हरायला लागला की माणूस चिडतो, आवाज चढवतो, नाहीतर 'जाऊ द्या हो' म्हणत तंबाखू मळायला घेतो. आप्पा यांतलं काहीच करत नाहीत. ते चटकन कड बदलून तुमच्या शेजारी येऊन उभे राहतात. 'आप्पा, मराठवाडा सत्तेचाळीसच्या ऑगस्टात नाही, १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला,' असं तुम्ही म्हणालात की ते मान डोलावतात, 'तेच म्हणायलोय ना मी!' आणि पुढची दहा मिनिटं निजामाची शरणागती तुम्हालाच समजावून सांगतात. तीही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, चुकला होता तो तुम्हीच.

आपल्याला सगळं कळतं असं समजणारी माणसं परभणीत पैशाला पासरी मिळतात. त्यांच्याशी निदान भांडता तरी येतं. आप्पांशी भांडायची सोयच नाही. भिंतीवर डोकं आपटायला जावं आणि भिंतच आपल्याबरोबर चालायला लागावी, तसं होतं.

आप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन न्यूझीलंडला लेकीकडे जाऊन आले. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, आप्पांनी मेंढ्या आणल्या. म्हणजे फोटो. जावयाने त्यांना एका दिवसाच्या सहलीला पाठवलं होतं: दहा-बारा माणसं, एक व्हॅन, मेंढ्यांचं फार्म, तिथेच जेवण, संध्याकाळी घरी. शिवाय रोटोरुआच्या ॲग्रोडोममध्ये एकोणीस जातींचे एडके एकामागून एक पायऱ्या चढून आपापल्या पाटीखाली उभे राहतात, तेही त्यांनी पाहिलं. पण आप्पांच्या मनात घर करून बसला तो लोकर कातरणारा गडी. त्याने मेंढी मागून धरली, अलगद तिचं बूड जमिनीवर टेकवलं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून घेतली, आणि ती बया न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखी गप्प बसली. हा व्हिडिओ आप्पांनी कॉलनीतल्या प्रत्येकाला दाखवला. 'बसवता आली पाहिजे,' ते म्हणायचे. 'सगळं बसवण्यात आहे.'

न्यूझीलंडात माणशी वीस मेंढ्या, हे वाक्य त्यांनी गणपतीच्या मंडपातही ऐकवलं. एकदा लेकीनेच व्हिडिओ कॉलवर सांगितलं, 'बाबा, ते १९८२ चं. तेव्हा सात कोटी मेंढ्या होत्या. आता माणशी पाचही नाहीत.' आप्पांनी आमच्याकडे वळून डोळा मिचकावला. 'तेच म्हणायलोय ना मी. कमी झाल्या. म्हणून तर आता आपली वेळ आली.'

वेळ आली म्हणजे अशी, की आपल्याकडेही अशी सहल निघाली पाहिजे. सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, ते काय कोकणवाल्यांसाठीच आहे? आप्पांनी ग्रुपवर निरोप टाकला. पंचवीसेक अंगठे आले. त्यातले यायला तयार झाले सात. 'छोटाच ग्रुप पाहिजे,' आप्पा म्हणाले, 'मोठ्या ग्रुपला मेंढ्या बिचकतात.'

ठिकाण त्यांच्याकडे ठरलेलंच होतं. शेळी-मेंढी महामंडळाच्या प्रक्षेत्रांची यादी असलेलं एक कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यातल्या एका नावाभोवती लाल पेनाने गोल केला होता. 'सरकारी मेंढी फार्म, आणि तेही आपल्या पेडगावला! इथं, हाकेच्या अंतरावर! आणि परभणीकरांना पत्ता नाही.'

पेडगाव आम्हाला नवं नाही. परभणीहून मनमाडच्या बाजूला जाताना त्याचं छोटं स्टेशन लागतं, आणि आमच्यातल्या बुकिंगवाल्या काकांनी त्या गावाची तिकिटं नोकरीभर फाडली होती. त्यांना असलं काही फार्म आठवत नव्हतं. पण सरकारी गोष्ट आहे, कधी झाली असेल, असं म्हणून तेही गाडीत बसले. गाडी म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाची क्रूझर. पुढे आप्पा, मागे काकू आणि त्यांच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. मधे गुरुजी, त्यांच्या सौभाग्यवती, बुकिंगवाले काका, आणि पशुवैद्यक महाविद्यालयात जन्मभर शिकवून निवृत्त झालेले डॉक्टर. डॉक्टर बोलतात कमी. अशा सहलीला त्यांनी का यावं, हे मला आधी कळलं नाही. जेवणाच्या वेळी कळलं.

जानेवारीची सकाळ. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आलेली, तुरी वाळलेल्या, कापसाची वेचणी संपून नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. पेडगावच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवून आप्पांनी काच खाली केली. 'सरकारी मेंढी फार्मला कुठून जायचं?'

टपरीवाल्याने किटली खाली ठेवली. 'फार्म? इथं न्हाई ओ असलं काई. मेंढ्या पाहिजेत का? पाळायला का कापायला?'

'बघायला.'

'बघायला!' टपरीवाल्याने बाकावरच्या लोकांकडे पाहिलं. बाकावरच्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं.

बुकिंगवाल्या काकांनी मागून हात घालून ते कात्रण काढून घेतलं. स्टेशनांची नावं वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस. चष्मा वर करून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. 'आप्पा, हे पडेगाव आहे. प-डे-गाव. छत्रपती संभाजीनगरजवळचं. इथून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर.'

गाडीत कुणी बोलेना. काकूंनी डब्याचं झाकण उगीच घट्ट दाबलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, 'वेड पांघरून पेडगावला जातात म्हणे. आपण तर न पांघरताच आलो.'

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. आप्पांनी दार उघडलं, खाली उतरले, कंबरेवर हात ठेवून शिवारावर नजर फिरवली आणि म्हणाले, 'तेच म्हणायलोय ना मी. फार्म तिकडं आहे. म्हणून तर आपण इकडं आलो. फार्मवर काय बघायचं, तारेचं कंपाउंड? खरी मेंढी धनगराच्या वाड्यावर.' मग म्हणीचाही समाचार घेतला. 'आणि डॉक्टर, पेडगावला हसू नका. बहादूरखानाचा बहादूरगड पेडगावलाच होता. संभाजीराजांना कैद करून औरंगजेबापुढं उभं केलं ते इथंच, १६८९ ला.' गुरुजींना राहवेना. 'ते पेडगाव श्रीगोंद्याचं, आप्पा. नगर जिल्ह्यातलं, भीमेच्या काठावरचं.' आप्पांनी गुरुजींच्या खांद्यावर हात टाकला. 'तेच. लोक घोटाळा करतात.'

मराठवाड्याचं नशीब असं, की जानेवारीत धनगर शोधावा लागत नाही. खरिपाची रानं मोकळी झाली की जिंतूरच्या डोंगराकडले कळप खाली उतरतात. टपरीवरचाच एक शेतकरी म्हणाला, माझ्याच रानात मेंढ्या बसल्यात, चला. आणि आप्पा त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघाले, ठरल्या कार्यक्रमाला निघाल्यासारखे.

वेचून मोकळ्या झालेल्या कापसाच्या रानात तळ होता. खुंट्यांवर ताणलेली दोरीची जाळी, तिला वाघर म्हणतात. आत काळ्या, कबऱ्या, तांबूस दख्खनी मेंढ्या अंगाला अंग लावून उभ्या. बाहेर एक घोडी, दोन करडी कुत्री, चार कोंबड्या, आणि डालग्याखाली झाकलेली, आईसाठी ओरडणारी कोकरं. म्हातारे मामा घोंगडी पांघरून शेकोटीपाशी. त्यांच्या सुनेच्या खांद्यावर मात्र वाघाचं चित्र असलेलं बाजारातलं ब्लँकेट. कुत्री उठली तशी सून ओरडली, 'ये, गप! पावणे हायेत!' मग आम्हाला, 'कामून आलाव दादा? काई हरवलंय का?'

'बघायला आलोय,' आप्पा म्हणाले. सुनेने काही विचारलं नाही. डोईवरचा पदर सारखा केला आणि चुलीकडे गेली. माणसं मेंढ्या बघायला गाडी करून येतात, हे तिला पटलं नसावं. पण चहा टाकायला पटायची गरज नसते.

शेतकऱ्याने हिशेब सांगितला. मेंढ्या रात्रभर रानात बसतात, लेंडी-मूत तिथेच पडतं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकते, असं करत सगळं रान खतून निघतं. त्याबद्दल मामांना रात्रीचे ठरलेले पैसे, वर ज्वारी. 'युरियाचं पोतं टाकलं तर एक साल. मेंढ्या बसवल्या तर पुढल्या सालीबी रान दिसतंय.' आप्पांना 'बसवल्या' हा शब्द फारच भावला. 'बघा! मी काय म्हणत होतो? सगळं बसवण्यात आहे.'

आणि ते थेट वाघरीत शिरले. पहिल्याच मेंढीचा जबडा दोन्ही हातांनी उघडून त्यांनी आत डोकावलं, आणि चेहरा पाडला. 'अरेरे. वरच्या बाजूला एकही दात नाही. म्हातारी झाली. मामा, हिला कशाला सांभाळायलाव?'

मामांनी मेंढीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. 'दोन दाती हाय ती. औंदा पहिल्या डाव व्याली.'

डॉक्टरांनी खाकरून सांगितलं, की मेंढीला, शेळीला, गाईलासुद्धा वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, नुसती टणक हिरडी असते. वय कळतं ते खालच्या दातांवरून: दुधाचे पडून पक्के जोडीजोडीने येतात, दोन, चार, सहा, आठ. आप्पांनी पुन्हा जबडा उघडला, खालचे दोन मोठे दात अंगठ्याने चाचपले आणि आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. 'या, इकडं या. वर बघू नका. लोक वर बघतात. खाली बघायचं.'

मग लोकर कातरून दाखवा म्हणाले. मामांचा थोरला मुलगा हसला. 'थंडीत कातरली तर काकडून मरंल की ओ. थंडी सरल्यावर.' आणि कातरून तरी काय? दख्खनी मेंढीची लोकर जाड, काळी, थोडी. घोंगडी विणणारे सनगर उरले किती? कातरायची मजुरी निघत नाही, घ्यायला कुणी येत नाही, बांधाला टाकून द्यावी लागते. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. कमरेच्या दोरीला गाठ मारत, जाता जाता सांगत होता. न्यूझीलंडातल्या शेतकऱ्यांचीही आता लोकरीच्या भावाबद्दल हीच रड आहे, ते आप्पांना लेकीने सांगितलं होतं. ते त्यांनी इथे सांगितलं असतं तर त्या पोराला बरं वाटलं असतं. पण आप्पांचं लक्ष एडक्याकडे गेलं होतं.

एडका कळपाच्या कडेला एकटा उभा होता. शिंगं कानांमागून वळून पुन्हा गालापर्यंत आलेली, मान पोत्यासारखी जाड. आप्पांनी बाह्या सावरल्या. 'आता बघा, न्यूझीलंडात कसं बसवतात ते.' डॉक्टर म्हणाले, 'आप्पा, ती मेंढी होती.' आप्पा म्हणाले, 'मेंढीच ना ही, फक्त नर.' गुरुजींच्या सौभाग्यवतींनी मोबाइल काढला.

आप्पा दोन पावलं पुढे गेले. एडका दोन पावलं मागे सरला. आप्पांनी वळून आमच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर न्यूझीलंड. 'घाबरला बघा. जनावराला माणूस कळतो.' एडका आणखी मागे सरला, आणि त्याने मान खाली घातली. चुलीपासून सून जिवाच्या आकांताने ओरडली, 'ओ दादा, सरका! सरका तिथून! मागं सरला म्हंजी—'

वाक्य पुरं व्हायच्या आत आप्पा खाली होते. लागलं नाही. रात्रभर तीनएकशे मेंढ्या बसलेलं रान म्हणजे गादीच. लेंड्यांवर बूड टेकून, पाय पसरून, पाठ वाघरीच्या खुंटीला लावून आप्पा बसले होते. अगदी व्हिडिओतल्या मेंढीसारखे, आणि तितकेच गप्प. थोरल्याने एडक्याच्या शिंगाला धरून बाजूला ओढलं. आम्ही धावलो. आप्पांनी हात वर करून आम्हाला तिथेच थांबवलं आणि बसल्या जागेवरून म्हणाले, 'जवळ येऊ नका. मागं सरला की तो मारतो. माहीत पाहिजे माणसाला.'

मेंढ्या सुटल्या. थोरला आणि धाकटा आकड्या खांद्यावर टाकून कळपामागे गेले, तळावर उरले मामा, सून, तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणि कोकरं. चहा आला. आप्पांनी घोट घेतला, डोळे मिटले. 'मेंढीच्या दुधाची चवच न्यारी.' सून म्हणाली, 'शेळीचं हाय. चार शेरडं ठिवतो दुधाला.' आप्पांनी डोळे न उघडता मान हलवली आणि काकूंना समजावलं, की धनगर मेंढ्यांत चार शेळ्या मुद्दाम ठेवतो, चहाच्या दुधाची सोय, आणि शेळी पुढे चालली की मेंढ्या मागे येतात. यातला दुसरा मुद्दा कुणी सांगितला नव्हता, आणि तो खरा होता. तो त्यांना कुठून मिळाला, मला अजून कळलेलं नाही.

काकूंनी डबा उघडला. धपाटे, दही, ठेचा. मामांच्या घरची ज्वारीची भाकरी त्यात आली, शेतकऱ्याने हुरड्याची कणसं आणून शेकोटीत घातली. खाणं जोरात चालू असताना डॉक्टर, वर्गात शिकवावं तशा सपाट आवाजात, म्हणाले, 'अर्थात, वरचे दात दहाव्या वर्षी येतात.'

आप्पांनी घास गिळला. 'तेच म्हणायलोय ना मी. दहा वर्षं थांबायला पाहिजे. आजकाल धीर कुणाला आहे?'

डॉक्टरांनी खाली मान घालून ठेचा घेतला. त्यांचे खांदे हलत होते. एवढ्यासाठीच ते आले होते, हे आता माझ्या ध्यानात आलं. पण डाव त्यांच्यावरच उलटायचा होता. कोकराला मांडीवर घेऊन बसलेला तो पोरगा खुदकन हसला. 'आजोबा, वरले दात कव्हाच येत न्हाईत!' आप्पा डॉक्टरांकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त थोडं वाईट वाटलेलं. 'ऐकलंत डॉक्टर? पोराला कळतंय.'

डॉक्टर हरले. मग भरपाई म्हणून की काय, ते खरोखरच बोलायला लागले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी सुवर्णा' नावाची मेंढी काढली आहे. सुंदरबनातल्या गरोळ नावाच्या बुटक्या मेंढीत एक जनुक आहे, त्याने जुळी कोकरं होतात. ते जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणलं. ऑस्ट्रेलियातल्या एका मेरिनोच्या वाणात हेच जनुक आहे, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांतून ते गेलं असं मानतात. म्हणजे परदेशाची वाटणारी गोष्ट आपल्याकडचीच. आम्ही सगळे रंगलो. मामा मात्र हुरडा चोळत शांतपणे म्हणाले, 'जुळी झाली तर चांगलंच. पण दोघांला दूध पुरायला मायला खायला पाहिजे. आन् तळ हालला की दोन कोकरं उचलायची कुनी?' डॉक्टरांनी मान डोलावली. प्रश्न तोच आहे, म्हणाले. जिथे जागेवर चारा आहे तिथे ही मेंढी चांगली, रोज चालणाऱ्याचं गणित वेगळं.

आप्पा यावर काहीच बोलले नाहीत. हे मी आवर्जून नोंदवतो. ते मामांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते, पाठांतर करणाऱ्या पोरासारखे.

निघताना आप्पांनी मामांना विचारलं, एकूण नग किती. मामा म्हणाले, 'हायेत पोटापुरते.' धनगर कळपाचा आकडा परक्याला सांगत नाही, हे काकूंनी गाडीत बसताना सांगितलं. त्यांच्या माहेरी दरसाल मेंढ्या बसायच्या. एवढी माहीतगार बाई दिवसभर गाडीत आणि तळावर आमच्याबरोबर होती, आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आप्पांनीही नाही. आणि काकूंच्या या वाक्यावर आप्पा 'तेच म्हणायलोय' म्हणाले नाहीत. ते फक्त त्यांच्यावरच चालतं, ज्यांचं ज्ञान पुढे वापरायचं असतं. बायकोचं ज्ञान ते बहुधा आपलंच धरतात.

परतीच्या वाटेवर लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र झालेली. आप्पांनी फोन हातभर लांब धरला आणि पंधरा मिनिटं थांबले नाहीत. पेडगावला फार्म नाही, फार्म पडेगावला आहे, नावाचा घोटाळा लोक नेहमी करतात. मेंढीचं वय खालच्या दातांवरून, जोडीजोडीने. वाघर रोज सरकवायची, म्हणजे रान सारखं खततं. थंडीत कातरायची नाही. चार शेळ्या कळपात हव्यातच. जुळं देणारी मेंढी चांगली, पण रोज चालणाऱ्या धनगराचं गणित वेगळं, त्याला दोन कोकरं उचलायला हात हवेत. एक शब्द चुकला नाही. वरच्या दातांचं दहावं वर्षसुद्धा त्यात नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत असा विद्यार्थी त्यांना मिळाला नसेल: सकाळी ज्याला काही येत नव्हतं, संध्याकाळी ज्याला सगळं येतं, आणि मधे जो एक क्षणही अडाणी नव्हता. आम्ही बाकीचे, जे सकाळपासून त्यांच्या चुका मोजत होतो, आम्हाला विचारलं असतं तर यातलं अर्धंही धड सांगता आलं नसतं.

'आणि बाबा, बसवली का मेंढी?' लेकीने विचारलं.

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. काकूंनी मागून हात लांब करून फोन आपल्याकडे वळवला. 'एडक्यानं पाडलं गं त्यांना. चांगलं लेंड्यांत.'

'पाडलं नाही,' आप्पा पुढच्या सीटवरून म्हणाले. 'बसवलं.'